किनाबातांगान ते दानुम: बोर्निओच्या वर्षावनात नऊ दिवस

ताईची एक जुनी सवय आहे. पक्षी बघायला निघाली की पाठपिशवीच्या वरच्या कप्प्यात एक छोटी वही असते आणि वहीत प्रत्येक नावापुढे एक अक्षर. दिसला तर ‘दि’, नुसता आवाज आला तर ‘ऐ’. साबाहून परत आल्यावर ती वही मी चाळत बसलो होतो. किनाबातांगान नदीची पानं ‘दि’नं गच्च भरली आहेत, समासातसुद्धा नावं कोंबली आहेत. दानुम व्हॅलीच्या जंगलाची पानं बरीचशी मोकळी, आणि जी नावं आहेत त्यांतल्या निम्म्यांपुढे ‘ऐ’. जायच्या आधी कुणी ही वही दाखवली असती तर मी म्हटलं असतं, नदीवरच जास्त दिवस राहू. आता विचाराल तर उलटं सांगेन.

साबा हे बोर्निओ बेटाच्या उत्तर टोकाचं मलेशियाचं राज्य. आम्ही एप्रिलमध्ये गेलो. पूर्व किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी पावसाचा जोर असतो आणि नदीला पूर येतो, त्यामुळे ते महिने टाळलेले बरे. बाकी पाऊस कधीही पडतो. वर्षावन आहे ते.

पहिला दिवस: सांडाकान

क्वालालंपूरमार्गे विमानानं सांडाकान. प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही. एकच लक्षात ठेवा, साबाची इमिग्रेशनची तपासणी वेगळी असते. क्वालालंपूरला शिक्का बसला तरी इथे पुन्हा पासपोर्ट दाखवावा लागतो, तेव्हा तो पिशवीच्या तळाशी टाकू नका. आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना व्हिसा लागत नव्हता, पण मलेशियाचं डिजिटल आगमनपत्र आधी ऑनलाइन भरावं लागलं. निघण्यापूर्वी नियम एकदा बघून घ्या, आणि पूर्व किनाऱ्याबद्दलच्या प्रवास-सूचनाही.

संध्याकाळी बंदराजवळच्या एका साध्या खाणावळीत जेवत होतो. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी चौकशी केली, कुठे चाललात? माझी मलय भाषा ‘तेरिमा कासी’च्या पुढे जात नव्हती. मी हातानं सोंड करून दाखवली. आजोबा खूश होऊन म्हणाले, “गाजाह!”

आम्ही दोघांनी एकदम एकमेकांकडे पाहिलं. गज! मग त्यांनीच शब्दांची माळ लावली आणि आम्ही ओळखत गेलो. बहासा म्हणजे भाषा, नामा म्हणजे नाव, बूमी म्हणजे भूमी, मानुसिया म्हणजे माणूस, सिंगा म्हणजे सिंह. सिंह त्या बेटावर नाही, पण शब्द समुद्र ओलांडून तिथे गेला आणि राहिला. ओरांगउटान मात्र अस्सल मलय. ओरांग म्हणजे माणूस, हुतान म्हणजे जंगल.

दुसरा दिवस: सेपिलोक

सांडाकानपासून २५ किलोमीटरवर सेपिलोकचं ओरांगउटान पुनर्वसन केंद्र आहे. १९६४ साली सुरू झालं. जंगलतोडीत अनाथ झालेली किंवा लोकांनी घरात पाळलेली पिल्लं इथे आणतात, त्यांना झाडावर चढायला, घरटं बांधायला शिकवतात आणि हळूहळू जंगलात सोडतात. केंद्राला लागूनच ४,२९४ हेक्टरचं राखीव जंगल आहे. सकाळी दहा आणि दुपारी तीन वाजता एका उंच फलाटावर फळं ठेवली जातात. ज्यांना हवं ते येतात.

आत जाण्याआधी पिशव्या लॉकरमध्ये ठेवायला सांगतात. ते ऐकाच, कारण माकडं आणि ओरांगउटान दोघांनाही पिशव्यांत फार रस असतो.

दहाला दहा मिनिटं असताना तिथल्या वनरक्षकानं आम्हा सगळ्यांना हळू आवाजात सांगितलं, “आज कुणी आलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. ते आले नाहीत म्हणजे त्यांना जंगलात पोटभर मिळालं. आमचं काम जमलं, असं आम्ही समजतो.” खाणंही मुद्दाम रोज तेच ते देतात म्हणे, म्हणजे कंटाळून त्यांनी स्वतः रानमेवा शोधावा. हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. त्याचा खरा अर्थ आठव्या दिवशी लागायचा होता.

त्या दिवशी एक आई आली. आधी दोर हलला, मग पानांत तांबूस काहीतरी सरकलं, आणि मग ती, कुशीला बिलगलेलं पिल्लू घेऊन. कसलीही घाई नाही. एका हातानं दोर धरलेला, पायाच्या बोटांत केळं, दुसऱ्या हातानं सोलणं चाललेलं. पिल्लानं हात पुढे केला की ती तो बाजूला सारायची, आणि शेवटचा घास मात्र त्याच्या तोंडाजवळ धरायची. ओरांगउटानचं पिल्लू सहा-सात वर्षं आईजवळ राहतं आणि तेवढा काळ तिला दुसरं पिल्लू होत नाही. एक मादी मारली गेली की त्या जंगलाचं किती वर्षांचं नुकसान होतं, याचा हिशेब तिथे उभं राहून केला आणि घशात आवंढा आला.

समोरच सूर्य-अस्वलांचं केंद्र आहे, तेही चुकवू नका. वोंग स्यू ते या जीवशास्त्रज्ञानं २००८ मध्ये ते सुरू केलं. जगातलं हे सगळ्यांत लहान अस्वल. छातीवर पिवळसर चंद्रकोर, आणि ती प्रत्येकाची वेगळी. आम्ही एकाला अर्धा तास बघितलं. कुजक्या ओंडक्यावर बसून तो लांब नखांनी वाळवी उकरून काढत होता, आणि मध्येच थांबून नाक वर करून हवा हुंगत होता. ही अस्वलं बहुतेक पिंजऱ्यांतून सुटून आलेली आहेत. पायाखाली माती असणं हेच त्यांच्यातल्या काहींना नवीन होतं.

संध्याकाळ मात्र राखून ठेवा रेनफॉरेस्ट डिस्कव्हरी सेंटरसाठी. झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवर ३४७ मीटर लांबीचा लोखंडी पूल आहे. खालून मान मोडेपर्यंत वर बघण्यापेक्षा इथे पक्षी डोळ्यांच्या पातळीवर येतात. फक्त बोर्निओत सापडणारा, लाल डोक्याचा ब्रिसलहेड ताईला इथेच दिसला. तिनं वहीत ‘दि’ लिहिलं आणि दोनदा अधोरेखित केलं. अंधार पडता पडता एका ढोलीतून महाकाय उडती खार बाहेर आली, सावकाश शेंड्यापर्यंत चढली, आणि उडी टाकून आमच्या डोक्यावरून तरंगत पलीकडच्या झाडावर गेली. एवढं मोठं जनावर गेलं आणि पानाचासुद्धा आवाज आला नाही.

तिसरा दिवस: गोमांतोंगच्या गुहा

सुकाऊ गावाकडे जाताना वाटेत गोमांतोंग लागतं. नाक धरूनच आत जावं लागतं, अमोनियाचा भपकारा दारापासूनच सुरू होतो. आत लाकडी पूल आहे. त्याच्या कठड्याला हात लावू नका, कारण कठडा झुरळांनी झाकलेला असतो. भिंतीवर हातभर वाटावेत अशा लांब पायांच्या गोमी. टोपी हवीच, वरून सतत काहीतरी पडत असतं.

पण पाच मिनिटांत डोळे अंधाराला सरावले आणि मी वास विसरलो. सिमुद हितामचं, म्हणजे काळ्या गुहेचं, छत खूपच उंच आहे. वर एका भोकातून उन्हाचा खांब तिरपा उतरलेला आणि त्यात हजारो पाकोळ्या. त्यांच्या लाळेची घरटी चिनी सुपासाठी विकली जातात. वेताच्या शिड्या आणि दोर छतापासून लोंबकळत होते. त्यांवरून माणसं वर जातात, हे खाली उभं राहून खरं वाटत नाही. घरटी काढायचे दिवस वन खातं ठरवून देतं. एकदा अंडी घालण्याआधी, म्हणजे पक्षी पुन्हा घरटं बांधतात, आणि दुसऱ्यांदा पिल्लं उडून गेल्यावर. तिथल्या पहारेकऱ्यानं दोन घरटी हातात धरून दाखवली. एक पांढरं, नुसत्या लाळेचं, आणि दुसरं काळं, पिसं मिसळलेलं. किंमत पांढऱ्याला जास्त.

आम्ही मुद्दाम संध्याकाळपर्यंत थांबलो. साडेपाचनंतर गुहेच्या वरच्या तोंडातून वटवाघळं निघायला लागली. आधी एक धागा, मग दोर, मग आभाळभर वळसे घेत जाणारा धूर. लाखोंनी असतात. पंखांचा आवाज लांबच्या पावसासारखा येत होता. मध्येच एक काळपट शिकारी पक्षी त्या धुरात घुसला आणि दुसऱ्या बाजूनं पायात वटवाघूळ घेऊन बाहेर आला. ते त्यानं उडता उडताच गिळलं. बॅट हॉक. ताईचं पेन तोवर खाली पडलं होतं, मी विजेरी धरली आणि तिनं ते झुरळांतून उचललं.

चौथा आणि पाचवा दिवस: किनाबातांगान

किनाबातांगान ही ५६० किलोमीटर लांबीची, मलेशियातली दुसऱ्या क्रमांकाची नदी. सुकाऊ आणि बिलित या गावांत नदीकाठी लॉजही आहेत, पण आम्ही गावातल्या एका घरी राहिलो. हे लोक स्वतःला ओरांग सुंगाई म्हणवतात, म्हणजे नदीची माणसं. घर खांबांवर उभं, पायऱ्यांशी चपला काढायच्या, घरात आणि गावात खांदे-गुडघे झाकलेले कपडे. घरच्या बाईंना सगळे माकचिक म्हणत, म्हणजे मावशी. आम्हीही तेच म्हणायला लागलो.

माकचिकनं पहिल्याच जेवणाला भात, नदीतली मोठी कोळंबी आणि नेच्याच्या कोवळ्या कोंबांची परतलेली भाजी वाढली. जेवणानंतर तिनं एक काटेरी, पिवळसर तपकिरी फळ समोर ठेवलं आणि हातानंच उघडलं. आत पांढरेशुभ्र, लोण्यासारखे गरे. “ताराप,” ती म्हणाली. ताई वास घेऊनच म्हणाली, “अरे, हा तर फणसाचा भाऊ!” खरंच फणसाच्याच कुळातला. चव मात्र फणसाहून मऊ आणि वेलचीकडे झुकणारी. आठळ्या आम्ही वाटीत जमा करायला लागलो, तर माकचिक हसली आणि स्वयंपाकघरातून उकडलेल्या आठळ्यांची वाटीच घेऊन आली. दोन्ही घरांची रीत एकच निघाली.

नदीवर दिवसातून तीन फेऱ्या. पहाटे सहाला, दुपारी चारला आणि रात्री जेवणानंतर. तिन्ही करा. पहाटेच्या धुक्यात नावाड्यानं इंजिन बंद केलं आणि नाव प्रवाहावर सोडून दिली. धुकं विरळ झालं तसा एका मोठ्या उंबराच्या जातीच्या झाडात एक नर दिसला. जंगली ओरांगउटान. गालांना रुंद पाळी, पाठीवरून लोंबणारे केस. तो फळं खात होता, आणि खाली पाण्यात त्यानं टाकलेल्या साली टपटप पडत होत्या. त्यानं एकदा आमच्याकडे पाहिलं आणि मग वीस मिनिटं पाहिलं नाही. सेपिलोकच्या आईनंतर हा नर बघताना मला सगळ्यात जाणवलं ते त्याचं आमच्याशी काहीच घेणंदेणं नसणं.

संध्याकाळी काठाच्या झाडांवर प्रोबोसिस माकडांचे कळप झोपायला येतात. नराचं नाक हनुवटीच्या खाली लोंबतं. मलय लोक यांना गमतीनं ‘ओरांग बेलांदा’ म्हणतात, म्हणजे डच माणूस. वसाहतीच्या काळात ठेवलेलं नाव. पोट ढेरपोट्यासारखं सुटलेलं असतं, त्याचं कारण आत पानं आंबवून पचवणारे कप्पे असतात. पिकलेली गोड फळं त्यांना सोसत नाहीत, पोट फुगतं. म्हणून पानं आणि कच्ची फळं. एकेक मादी पिल्लाला छातीशी धरून फांदीवरून फांदीवर झेप घ्यायची, फांदी हातभर खाली वाकायची आणि आमच्या नावेतल्या सगळ्यांचे श्वास थांबायचे.

साबात धनेशाच्या आठ जाती आहेत. दोन दिवसांत ताईनं सहा बघितल्या. शिवाय सर्पपक्षी, चार जातींचे खंड्ये, दुर्मिळ स्टॉर्म्स करकोचा. रात्री विजेरीच्या झोतात मगरीचे लाल डोळे, ओंडक्यावर मासे हेरत बसलेलं घुबड, आणि फांदीवर पिसं फुलवून झोपलेला इवलासा खंड्या, एवढ्या जवळ की हात लांबवला तर लागेल. लांबवायचा नाही, आणि झोपलेल्या पक्ष्यावर फ्लॅशही मारायचा नाही. काही नावांतून तो मारला जातो. आपल्या नावाड्याला आधीच सांगून ठेवा की आम्हाला तसे फोटो नकोत.

पाचव्या दिवशी दुपारी दुसऱ्या नावेतून कुणीतरी हाक दिली, “गाजाह!” आमच्या नावाड्यानं नाव वळवली. वळणापलीकडे काठावरच्या उंच गवतात बोर्निओचे हत्ती. पंधरा तरी असतील. आशियाई हत्तींत हे सगळ्यांत लहान, तोंड गोलसर, शेपूट जवळजवळ जमिनीला टेकणारं. सुलूच्या सुलतानाला भेट मिळालेल्या हत्तींची ही पिलावळ, अशी जुनी समजूत होती. पण २००३ मधल्या जनुकीय अभ्यासात त्यांचं कूळ आशियाच्या मुख्य भूमीवरच्या हत्तींपासून फार प्राचीन काळीच वेगळं झाल्याचं दिसलं. एक पिल्लू आईच्या पायांमधून सोंड बाहेर काढून चिखल उडवत होतं. आम्ही आठ नावा, सगळ्यांची इंजिनं बंद, आणि गवत उपटल्याचा चरचर आवाज. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

परतताना मी नावाड्याला म्हटलं, “तुमची नदी किती श्रीमंत आहे! जिकडे बघावं तिकडे जनावर.”

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “उद्या सकाळी निघायच्या आधी माझ्याबरोबर गावामागे चालत या.”

सहावा दिवस: गावामागची वाट

तो आम्हाला घेऊन गेला. सावली, वेली, चिखल, पायाशी जळवा. वीस मिनिटं चाललो असू, आणि जंगल संपलं. दाराच्या उंबऱ्यासारखं, एका रेषेत. पुढे एक विजेचं कुंपण आणि त्यापलीकडे तेलताड, ज्याच्या फळांपासून पामतेल काढतात तो. ओळीत लावलेला, एकाच उंचीचा, दिसेल तिथपर्यंत.

“नदीला दोन्ही बाजूंनी एवढीच किनार राहिली आहे,” नावाडी म्हणाला. “कुठे दोन किलोमीटर, कुठे याहून कमी. मध्ये मध्ये तुटलेली. हत्ती, माकडं, ओरांगउटान, सगळे याच पट्ट्यात. त्यांना जायला दुसरीकडे जागाच नाही. म्हणून तुम्हाला दिसतात.”

हे अभयारण्य २००५ मध्ये घोषित झालं, पण तेही सलग नाही, तुकड्यातुकड्यांचं. मधल्या ओढ्यांवर ओरांगउटानना ओलांडता यावं म्हणून झाडांना दोरांचे पूल बांधले आहेत आणि ते वापरतातही. वरच्या बाजूला बातू पुतेह गावात कोपेल नावाची गावकऱ्यांची सहकारी संस्था आहे. ते लोक पाहुण्यांच्या पैशांतून तुटलेल्या पट्ट्यांत झाडं लावतात. पुन्हा गेलो तर आम्ही तिथेच राहणार, आणि तुम्हालाही तेच सुचवेन. तेलताडाच्या कामावर त्या भागातली कितीतरी घरं चालतात, हेही नावाड्यानंच सांगितलं. त्याचा धाकटा भाऊ तिथेच कामाला आहे. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, फक्त त्या रेषेकडे बघताना तो कुंपणापासून दोन पावलं मागे उभा होता.

तिथून लाहाद दातूपर्यंतचा रस्ता जवळजवळ सगळा तेलताडातूनच जातो. आदल्या दिवशी नावेत आनंदानं फुललेलो आम्ही दोघं गाडीत फारसं बोललो नाही.

लाहाद दातूला माझ्या बुटाचा तळवा सुटला. ओल आणि उष्णता गोंद टिकू देत नाही, तेव्हा जुने बूट घेऊन जाऊ नका. बाजारात काळे रबरी बूट मिळाले, तळाला फुटबॉलच्या बुटासारखे खुंट. स्थानिक लोक त्यांना ‘आदिदास कंपुंग’ म्हणतात. कंपुंग म्हणजे खेडं. वाटाडे आणि हमाल हेच घालतात. वीस रिंगिटांच्या आत आले, चिखलात घसरले नाहीत आणि तासाभरात वाळले. पुढचे तीन दिवस मी दुसरं काही पायात घातलं नाही.

सातवा दिवस: दानुमला पोचलो, पावसात

दानुम व्हॅलीला आपलं आपण उठून जाता येत नाही. फील्ड सेंटरची खोली महिने आधी ईमेलनं ठरवावी लागते, आणि त्यांची गाडी ठरावीक वारांनाच लाहाद दातूहून निघते. ते वार धरूनच बाकीचा बेत आखा. ८० किलोमीटरचा कच्चा रस्ता, अडीच तास. आमच्या वाटेत एक झाड आडवं पडलं होतं. चालकानं डिकीतून करवत काढली, आम्ही फांद्या ओढल्या, तासाभरानं निघालो.

४३८ चौरस किलोमीटरचं हे सखल वर्षावन कधीच तोडलं गेलेलं नाही. कुणी कायमची वस्तीही केली नाही. १९८६ पासून इथे संशोधन केंद्र आहे आणि १९९५ पासून जंगलाला पूर्ण संरक्षण. २०१९ मध्ये इथल्याच एका पिवळ्या मेरांती झाडावर चढून फितीनं उंची मोजली, १००.८ मीटर. आपल्याकडच्या साल वृक्षाच्या कुळातलं. ते झाड पाहुण्यांना दाखवत नाहीत, पण त्याच्या भाऊबंदांखाली उभं राहिलं तरी पुरतं. नुसती बुंध्याची पडदामुळं आमच्या डोक्यावर गेली होती.

पहिल्या संध्याकाळी केंद्राच्या हिरवळीवर सांबर चरत होतं. आपलंच, त्याच जातीचं. एवढ्या लांब येऊन ओळखीचं कुणी भेटावं तसं वाटलं.

जळवांबद्दल थोडं, कारण सगळे तेच विचारतात. गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे घ्या, घट्ट विणीच्या कापडाचे. तपकिरी जळू जमिनीवरून येते आणि चावलेली कळत नाही. पट्ट्यांची वाघजळू पानावर कंबरेच्या उंचीवर वाट बघत असते आणि ती चावली की टोचतं. म्हणून सदरा खोचलेला हवा. ओढून काढू नका, नखानं बाजूनं सरकवा. कॅमेरा वातानुकूलित खोलीत ठेवलात तर बाहेर आल्यावर भिंग अर्धा तास धुरकट राहतं, तो बाहेरच कोरड्या पिशवीत सिलिका जेलसोबत ठेवा.

आठवा दिवस: काही न दिसण्याचा

आमचे वाटाडे पन्नाशीचे होते, मितभाषी. त्यांना आम्ही पाकचिक म्हणायचो, म्हणजे काका. सकाळी सहाला निघालो. नऊ वाजेपर्यंत आम्हाला दिसलं ते म्हणजे एक सरडा, दोन गोगलगाई, आणि लांब शेंड्यावर हललेली एक फांदी. आवाज मात्र चहूकडून. गिबन मादीची चढत जाणारी हाक सुरू झाली की पाकचिक थांबत, टोपी काढत, संपली की पुन्हा चालत. नवरंगाची बोर्निओतली भावंडं दोन बाजूंनी शीळ घालत होती, हाकेच्या अंतरावर, आणि दिसत नव्हती. ताई लिहीत होती. ऐ. ऐ. ऐ.

दहाच्या सुमाराला मी विचारलंच, “ओरांगउटान इथे कमी आहेत का?”

पाकचिकनी वर बोट दाखवलं. चाळीस मीटरवर फांद्या मोडून केलेलं घरटं, पानं वाळलेली. “तीन आठवड्यांपूर्वीचं. इथे झोपला, दुसऱ्या दिवशी निघून गेला.” पुढच्या तासात त्यांनी अशी पाच घरटी दाखवली. ओरांगउटान रोज संध्याकाळी नवीन घरटं बांधतो. फळांची झाडं इथे एकमेकांपासून लांब असतात, आणि ही मोठी मेरांतीची कुळं तर दरवर्षी फळतही नाहीत. काही वर्षांनी एकदा, बहुधा एल निन्योच्या आगेमागे, डोंगरच्या डोंगर एकदम फुलतात. मधल्या काळात पोट भरायचं तर फिरावं लागतं, आणि फिरायला इथे जागा आहे. “नदीवर तुम्हाला किती वेळात दिसला?” त्यांनी विचारलं. पहिल्याच सकाळी, मी म्हटलं. ते काही बोलले नाहीत, त्यांनी नुसती मान हलवली.

सेपिलोकचा वनरक्षक मला तेव्हा आठवला. गावामागची ती सरळ रेषाही. मी त्या पायवाटेवर उभा होतो आणि माझ्या चारही बाजूंना दिवस दिवस चाललं तरी संपणार नाही असं जंगल होतं. त्यात कुठेतरी तो होता, आणि त्याला मला दिसायची काही गरज नव्हती. एवढा आनंद मला हत्ती बघूनही झाला नव्हता.

दुपारी पाकचिक पायवाट सोडून थोडे आत गेले आणि त्यांनी आम्हाला हातानं थांबवलं. पुढे जमिनीचा एक मोकळा तुकडा, अंगण झाडून ठेवावं तसा. एक पानही नाही. ग्रेट आर्गसच्या नराचं नाचायचं रिंगण. हा मोराच्या नात्यातला पक्षी रोज चोचीनं एकेक पान उचलून बाजूला टाकतो आणि मग ‘कू-वाऊ’ अशी हाक देऊन मादीला बोलावतो. आम्ही एका मुळामागे दीड तास बसलो. पाऊस आला, गेला. तो आला नाही. रिंगणात एक पिवळं पान गिरक्या घेत पडलं. पाकचिक हळूच म्हणाले, “उद्या ते तिथे नसेल.”

रात्रीच्या फेरीत एक वाघाटी दिसली, क्षणभर, दिव्यात मागे वळून बघणारी. ताईनं पक्ष्यांच्या वहीत तीही लिहिली.

नववा दिवस: निघायची सकाळ

गाडी साडेआठची होती. सहाला पाकचिक दाराशी उभे. सेगामा नदीवरच्या झुलत्या पुलापर्यंत जाऊन येऊ, म्हणाले. जाताना रिंगणाकडे डोकावलो. ते पान नव्हतं.

पुलाच्या मध्यावर उभे होतो. खाली नदी चहाच्या रंगाची, वर धुकं इतकं की दोन्ही काठ पुसलेले. तेवढ्यात लांबून एक ठोका आला. ‘हूप.’ बऱ्याच वेळानं दुसरा. मग तिसरा, मग अंतर कमी होत गेलं, ठोके एकमेकांवर चढायला लागले आणि शेवटी साऱ्या दरीत खदाखदा हसू फुटलं.

“तेबांग मेंतुआ,” पाकचिक म्हणाले. हेल्मेटेड धनेश. गोष्ट अशी सांगतात की एका जावयाला सासू नकोशी झाली. त्यानं तिच्या घराच्या खांबांवर कुऱ्हाड चालवली, एकेक घाव, मग भराभर घाव, आणि घर कोसळल्यावर तो हसला. त्याचा हा पक्षी झाला. बाकीच्या धनेशांचं शिंग पोकळ असतं, याचं भरीव. हस्तिदंतासारखं कोरता येतं, आणि त्यासाठी याची इतकी शिकार झाली की २०१५ मध्ये त्याला अति-संकटग्रस्त जाहीर करावं लागलं. नदीवर न दिसलेल्या दोन जातींपैकी ही एक.

आम्ही धुक्याकडे बघत राहिलो. पुन्हा ठोके सुरू झाले, या वेळी दुसऱ्या काठानं. एक आणखी होता. दोघांच्या मध्ये आम्ही, आणि पांढऱ्याशिवाय काही नाही. मी दुर्बीण पुढे केली, पण ताईनं मान हलवली. गाडीचा भोंगा वाजला तेव्हा तिनं कठड्यावर वही टेकवून नाव लिहिलं, आणि त्यापुढे, सावकाश, ‘ऐ’.